फुग्यातलं अक्षर

माझी आत्या कॉमिकमधल्या माणसांना बोलतं करायची. शाळेत मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा वर्गातल्या एकीचाही विश्वास बसला नाही. "चल, काहीही फेकू नकोस," एक जण म्हणाली, "पितळ्याचं सगळं मशीनवर छापतात." पितळ्याचा अंक उघडून मी तिला माणसांच्या बोलण्याच्या फुग्यातलं अक्षर दाखवलं, ते आत्याचं आहे म्हणून शपथ घेतली. तरी नाहीच.

पितळ्या हे त्याचं खरं नाव नव्हे. अंकावर चांगलं भारदस्त संस्कृत नाव असायचं, पण पोरांनी त्याचा पितळ्या केला होता आणि तोच रूढ झाला. दिवसा तो कोकणातल्या एका दीपगृहाचा राखणदार. कुणी संकटात सापडलं की पितळेचा मुखवटा चढवायचा आणि लाटांवरून चालत निघायचा. कितीही लांबून कुणी हाक मारली तरी त्याला ऐकू यायची आणि त्याला पाण्यावर चालता यायचं, एवढ्या दोनच शक्ती. उडता येत नव्हतं. त्यामुळे पोचायला वेळ लागायचा, आणि त्या वेळात काय काय घडतं त्याचीच गोष्ट असायची.

बाबा आणि आत्या लहान होते तेव्हा पितळ्या एका साप्ताहिकाच्या मागच्या पानावर यायचा, सहा चौकटींत. ती पानं आधी कोण वाचणार यावरून दोघांची मारामारी झालेली बाबा आम्हाला रंगवून सांगायचे. आमच्या वेळेला त्याचा स्वतंत्र अंक निघायला लागला होता. खोपटच्या एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर महिन्याच्या सुरुवातीला गठ्ठा सुटायचा आणि संध्याकाळपर्यंत संपायचा. कोळीवाड्यातली मुलं तर त्याला आपलाच मानायची, पाण्यातला माणूस म्हणून. एका वर्षी कोपरीत आमच्या शेजारच्या मंडळानं गणपतीला पितळ्याचा देखावा केला. कापसाच्या लाटा आणि मागे पंखा लावून हलणारा त्याचा अंगरखा. तो बघायला बाप्यांनी मुलांना खांद्यावर घेऊन रांग लावली होती, आणि मुलांपेक्षा बाप्येच जास्त वेळ रेंगाळत होते.

आत्या कायमची आमच्याकडे राहायला आली तेव्हा मी आठ वर्षांची होते. तिचं सासर कल्याणला, पारनाक्याजवळ. पदरी सहा वर्षांचा मुलगा. दुसऱ्या वेळेला मुलगी झाली ती मृतच जन्मली. त्यानंतर आत्या बोलेनाशी झाली. जेवायची नाही, न्हायची नाही, मागीलदारी हौदाशी बसून राहायची. सासरच्यांनी तिला ठाण्याला आणून इस्पितळात घातलं.

महाराष्ट्रात कुणी वेड्यासारखं वागलं की "ह्याला ठाण्याला पाठवा" म्हणतात. आम्ही ठाण्यातच राहणारे, आम्हालाही त्याचं हसू यायचं. आत्या आल्यापासून यायचं बंद झालं.

चार महिन्यांत ती बरी झाली. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, पण कल्याणहून कुणी आलं नाही. शेवटी बाबा गेले आणि तिला आमच्या घरी घेऊन आले. ती दोन लुगडी आणि एक पितळी डबा घेऊन आलेली मला आठवते. केस कापलेले होते. आईनं तिला ओवाळलं नाही, काही नाही, नुसतं म्हणाली, "वन्सं, हातपाय धुऊन घ्या, पानं घेतलीत." मला वाटतं, त्या दिवशी त्याच्याइतकं दुसरं काही बरोबर झालं नसतं.

मुलाला आणायला आत्या दोनदा कल्याणला गेली. पहिल्या वेळेला सासूनं दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्या वेळेला बाबा बरोबर होते. तोपर्यंत तिच्या नवऱ्यानं दुसरा घरोबा केला होता. मुलाला बाहेर आणलं, आणि सासूनं सगळ्यांसमोर विचारलं, "जायचंय का रे तुला हिच्याबरोबर?" तो नव्या आईच्या मागे लपला आणि मान हलवून नाही म्हणाला. हे सगळं नंतर बाबांनी सांगितलं. घरी आल्यावर आत्या तांदूळ निवडायला बसली. त्यानंतर ती कल्याणला गेली नाही, आणि मुलाचं नावही तिनं आमच्यासमोर घेतलं नाही.

तिचं अक्षर मात्र लहानपणापासून सुरेख. लग्नाआधी तिनं चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या होत्या. पितळ्याचे चित्रकार बाबांच्या ऑफिसातल्या एका गृहस्थांचे मेहुणे निघाले. फुग्यांत अक्षरं घालणारे त्यांचे म्हातारे गृहस्थ थकले होते, दुसरं कुणी हवं होतं. बाबांनी आत्याच्या हातचा एक कागद नेऊन दाखवला, आणि दुसऱ्याच आठवड्यात जाडजूड पाकीट घरी आलं. आत चित्रं काढलेली पानं, सगळे फुगे रिकामे. सोबत टाइप केलेले संवाद.

खिडकीशी तिचं टेबल असायचं. पेन्सिलीनं इतक्या पुसट रेघा मारायची की आम्हाला दिसायच्याही नाहीत. मग काळ्या शाईत निब बुडवून एकेक अक्षर. ओरडणाऱ्या माणसाचं अक्षर ठसठशीत, कुजबुजणाऱ्याचं बारीक. घाबरलेल्या माणसाचं अक्षर ती किंचित डुगडुगतं काढायची. चूक झालीच तर पांढऱ्या रंगाचा थेंब लावून, तो वाळेपर्यंत चहा पिऊन यायची. तिच्या "ळ"चे दोन गोल कधी सारखे नसायचे. डावा लहान, उजवा मोठा. संपादकांनी एकदा तसं कळवलंही होतं. तिनं पुढच्या अंकात ते सारखे काढायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "हात ऐकत नाही," म्हणाली.

अंकावर चित्रकाराचं नाव असे, लेखकाचं असे. अक्षर काढणाऱ्याचं नाव कुठे नसायचं. त्याचं तिला काही वाटत नव्हतं. पानं पूर्ण झाली की बाबा फोर्टातल्या आपल्या ऑफिसला जाताना ती संपादकांकडे पोचती करायचे, आणि छापलेला अंक आला की आत्या तो एकदा चाळायची आणि म्हणायची, "म्हणजे परवापर्यंत कल्याणला जाईल."

बाकीच्या गावांचं नाव ती कधीच घेत नसे. तिला काय म्हणायचं आहे ते घरातल्या सगळ्यांना कळायचं. पितळ्या न वाचणारा मुलगा त्या काळात कुठे होता?

मी तेरा वर्षांची असतानाची गोष्ट. त्या महिन्याच्या अंकात एक लहान मुलगा आईबापांपासून चुकून एका बेटावर अडकलेला असतो. पितळ्या त्याच्यापर्यंत पोचतो, त्याला खडकावर बसवतो आणि म्हणतो, "घाबरू नकोस, पोलिसांची लाँच येते आहे." टाइप केलेल्या कागदावर तसंच होतं. दुपारची वेळ होती. आई झोपली होती, मी जमिनीवर बसून भूगोलाचा नकाशा भरत होते. आत्या बराच वेळ निब हातात धरून नुसती बसली होती. मग मला म्हणाली, "अगं, इथे दुसरं काही लिहिलं तर कुणाला कळेल का?"

"दुसरं म्हणजे काय?"

तिनं कागदाकडे बघतच वाचल्यासारखं म्हटलं, "घाबरू नकोस, बाळा. तुझी आई येते आहे."

मला ते इतकं आवडलं! पोलिसांच्या लाँचपेक्षा किती तरी छान. "लिही ना," मी म्हणाले, "कुणाला कळतंय!"

तिनं लिहिलं. माझ्यासमोर लिहिलं. वाळायला ठेवलं आणि उठून कपडे वाळत घालायला गेली.

संपादकांना कळलं, पण अंक छापून झाल्यावर. पुढच्याच चौकटीत लाँच येते आणि तिच्यातून दोन हवालदार उतरतात. आईऐवजी पोलीस कसे, असं विचारणारी वाचकांची पत्रं गेली. बाबांना बोलावून घेतलं. बाबा घरी आले ते तणतणतच. "अगं, हातचं काम जाईल अशानं. तुला काय सुचलं हे?" आत्या म्हणाली, "चूक झाली, दादा. लक्ष नव्हतं." चूक म्हणून ते प्रकरण मिटलं. काम गेलं नाही, तिच्यासारखं अक्षर त्यांना दुसरीकडे मिळणार नव्हतं.

पण त्या अंकानंतर आत्या वेगळीच वागायला लागली. एका रविवारी तिनं ठेवणीतलं पातळ काढलं, इस्त्री केलं, नेसली. आई म्हणाली, "कुठे निघालात, वन्सं?" "जरा कल्याणला जाऊन येते." आईनं बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "मी येऊ?" "नको, एकटीच जाते." दाराशी आमचं चपला काढायचं लाकडी बाक होतं. तिनं चपला घातल्या आणि त्या बाकावर बसली. किती वेळ बसली असेल! मी आतून बघत होते. मग तिनं चपला काढल्या, आत आली आणि म्हणाली, "आज नको. ऊन फार आहे."

पुढच्या रविवारी परत तसंच. त्याच्या पुढच्या रविवारीही. तिसऱ्या वेळेला तिनं ऊन वगैरे काही म्हटलं नाही. पातळ घडी करून पेटीत ठेवलं आणि कामाला बसली.

तेव्हा मला तिची चीड आली होती. कल्याण ते काय, विलायतेत आहे? आज मी तिच्या तेव्हाच्या वयाहून मोठी आहे, आणि ते बाक आठवलं की मला काहीच म्हणता येत नाही.

वर्षं गेली. मी बी.कॉम. झाले, एका पतपेढीत लागले, लग्न होऊन डोंबिवलीला गेले. बाबा निवृत्त झाल्यावर त्यांनीही कोपरीची जागा सोडून डोंबिवलीत, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर फ्लॅट घेतला. आत्याचं टेबल तिथेही खिडकीशी आलं. तिला चष्मा लागला, मग त्याचा नंबर वाढला, मग ती टेबलावर दिवा ओढून घ्यायला लागली. पितळ्या मात्र होता तेवढाच तरणा. माझ्याबरोबरच्या बायकांच्या मुलांच्या दप्तरांवर तो आला, पाण्याच्या बाटल्यांवर आला. वाढदिवसाच्या केकवर पितळ्या काढून द्या म्हणून मुलं हटून बसायची आणि त्यांचे बाप केकवाल्याला समजावून सांगायचे, "मुखवट्याचा रंग असा नाही हो, जरा तांबूस पाहिजे."

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास संपादकांचं पत्र आलं. जुने संपादक केव्हाच गेले होते, हे नवे. पत्र फार सभ्य होतं. यापुढे अक्षरं कॉम्प्युटरवर होतील, इतकी वर्षं केलेल्या कामाबद्दल आभार. पत्राबरोबर नव्या पद्धतीचा पहिला अंक पाठवला होता. आत्यानं तो सावकाश वाचला, अगदी शेवटच्या पानापर्यंत. मी विचारलं, "कसा आहे?"

"सुबक आहे," ती म्हणाली. "पण सगळे एकाच आवाजात बोलतायत."

नंतर ती दुपारी झोपायला शिकली. आईबरोबर वाती वळायची, शेजाऱ्यांच्या लग्नपत्रिकांवर नावं घालून द्यायची. अंक मात्र ती मागवत राहिली. "परवापर्यंत कल्याणला जाईल" हे मात्र तिनं पुन्हा कधी म्हटलं नाही.

त्याला पाच वर्षं झाली असतील. एका रविवारी सकाळी मी आईकडे गेलेले. आई मटार सोलत होती, बाबा पेपर वाचत होते. बेल वाजली. दारात तिशीच्या आतबाहेरचा एक उंच माणूस, चष्मा, हाताला धरलेली एक पाच वर्षांची मुलगी. म्हणाला, "कोपरीला गेलो होतो. त्यांनी इथला पत्ता दिला." बाबांनी पेपर खाली केला, त्याच्याकडे नीट बघितलं आणि उठून उभे राहिले. "कान आमच्या अण्णांचे," एवढंच म्हणाले. अण्णा म्हणजे माझे आजोबा.

आत्या आत होती. आईनं जाऊन तिला सांगितलं. ती बाहेर आली ती ओले हात पदराला पुसत. दोघं समोरासमोर उभी राहिली. मला वाटलं, आता ती त्याला जवळ घेईल. तिनं विचारलं, "पाणी देऊ?"

"चालेल," तो म्हणाला. "तुम्ही कशा आहात?"

त्या "तुम्ही"नं आईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

तो खुर्चीच्या टोकाला बसला. तो एका औषध कंपनीत नोकरीला होता, आता राहायला ठाकुर्लीला. ठाकुर्ली! म्हणजे आमच्या घरापासून एक स्टेशन. वडील दोन वर्षांपूर्वी गेले, आजी त्याच्याही आधी. हे सगळं तो बाबांना सांगत होता. आत्या वेताच्या मोड्यावर बसून त्याच्या मुलीकडे बघत होती. त्या मुलीनं तेवढ्यात टेबलाखालचा जुन्या अंकांचा ढीग शोधून काढला होता. एक अंक घेऊन ती सरळ आत्याकडे आली. "हे वाच ना."

आत्यानं वाचायला घेतलं. पितळ्याचा आवाज वेगळा, चाच्यांचा वेगळा, म्हातारीचा थरथरता. इतक्या वर्षांत तिला असं मोठ्यानं वाचताना मी ऐकलं नव्हतं. दोन पानं झाली तेव्हा तो एकदम म्हणाला, "हे अक्षर तुमचंच ना?"

ती थांबली. "तुला कसं कळलं?"

"तुम्ही मला कित्ता काढून दिलेला. वही होती माझ्याकडे, दप्तराच्या पुठ्ठ्याखाली लपवलेली. नऊ-दहा वर्षांचा असेन तेव्हा, अंक वाचताना 'ळ' दिसला. मग वही काढून एकेक अक्षर लावून बघितलं." तो मुलीकडे बघत बोलत होता. "पळत जाऊन आजीला दाखवलं. तिनं अंक बंबात घातला. मग मित्राच्या घरी वाचायचो. गोष्टीकडे लक्षच नसायचं. अक्षर बघायचो. अक्षर नीट असलं की वाटायचं, बरी आहे."

आत्यानं अंक मिटून मांडीवर ठेवला. आता पुढे काय येणार ते मला कळलं.

"एकदा त्यात लिहिलं होतं, तुझी आई येते आहे," तो म्हणाला. "ते मला लिहिलेलंस ना तू?"

"हो."

"मी थांबलो होतो गं." आता त्याचा आवाज बदलला. "शाळा सुटली की पारनाक्यावर उभा राहायचो. स्टेशनाकडून येणारा प्रत्येक टांगा बघायचो. दिवाळीपर्यंत. दिवाळीत नवे कपडे घालून उभा राहिलो, म्हटलं, आज नक्की. तू आलीच नाहीस."

बाबा मध्ये पडले. "अरे, ती आलेली. दोनदा आलेली. मी स्वतः बरोबर होतो, तू लहान होतास..."

"दादा, थांब," आत्या म्हणाली. "ते आधीचं. तेव्हा नव्हते गेले." मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "लिहिलं मी. पण आले नाही."

"का?"

"वाटलं, मी आले तर तुला सगळे वेडीचा मुलगा म्हणतील."

"म्हणतच होते," तो म्हणाला.

मुलगी आत्याच्या मांडीवरचा अंक ओढत होती, "पुढे वाच ना, पुढे वाच." आत्यानं तिच्या केसांवरून हात फिरवला, पण तिला वाचता येईना.

मग आत्यानंच विचारलं, "मग आज कसा आलास?"

"हिच्यामुळे." जुन्या गोष्टींचे खंड परत छापून आलेत, ते त्यानं मुलीसाठी घेतले. नवे अंक कॉम्प्युटरचे, हे खंड जुन्या पानांवरून जसेच्या तसे छापलेले. मुलीनं विचारलं, बाबा, ह्यात अक्षर वेगळं का? त्याच्या तोंडून निघून गेलं, हे तुझ्या आजीनं काढलंय. मग ती हटून बसली, आजी कुठे आहे, दाखव. "मला वाटत होतं, तू नाहीस," तो म्हणाला. "अक्षर बदललं त्या महिन्यात मला वाटलं, तू गेलीस. खात्री करायला यावं असंही वाटलं नाही. खोटं कशाला बोलू."

"बरोबर आहे," आत्या म्हणाली.

ते जेवून गेले. आईनं घाईघाईनं शिरा केला होता. निघताना तो वाकला, आत्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो लगेच काढून घेतला. मी त्यांना सोडायला खाली उतरले. जिन्यात मला राहवलं नाही. म्हणाले, "ती ओळ लिहू का म्हणून तिनं मला विचारलं होतं. मीच लिही म्हटलेलं. तेरा वर्षांची होते."

तो दोन पायऱ्या खाली होता. वळून माझ्याकडे बघत राहिला. रागानं नाही. "मग जा म्हणूनही सांगायचंस की," तो म्हणाला. आणि मुलीला उचलून खाली गेला.

त्यानंतर तो येत राहिला. महिन्या-दीड महिन्यातून एखाद्या रविवारी. बायकोलाही आणायचा, ती मोकळ्या स्वभावाची होती, आईशी तिचं जमलं. त्या ओळीबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही. तो पंखा दुरुस्त करायचा, बाबांची वीजबिलाची रांग धरायचा, आत्याच्या चष्म्याचा नंबर तपासायला तिला घेऊन गेला. तिला "तू" म्हणायचा, पण हाक मारायचा नाही. काही हवं असलं तर जवळ येऊन "अगं" म्हणायचा. एवढ्या महिन्यांत मी त्याच्या तोंडून "आई" ऐकलं नाही. आत्या त्याची वाट बघत असायची की नाही, तेही सांगता यायचं नाही. तो यायचा त्या दिवशी ती भाजीत मीठ विसरायची, इतकंच.

एकदा त्याची मुलगी वही घेऊन आली, मला पण पहिलं पान लिहून दे म्हणून. आत्यानं पेन हातात घेतलं, कागदावर टेकवलं आणि परत ठेवलं. "माझा हात आता थरथरतो गं," ती म्हणाली. "वाकडं शिकशील. बाईंकडूनच घे काढून." मुलगी रुसली. तिला पितळ्याच्या चार गोष्टी वाचून दाखवाव्या लागल्या तेव्हा कुठे हसली. कुठल्याशा अंकात पितळ्या पोचायच्या आतच होडी बुडते, तशी एक गोष्ट आहे. ती आत्यानं वाचली नाही, पानं एकदम उलटली. मुलीच्या लक्षात आलं. "हे का सोडलंस?" "त्यात काही नाहीये," आत्या म्हणाली.

आत्या गेली तेव्हा त्याच्या पहिल्या भेटीला दहा महिने झाले होते. सकाळी देवाला फुलं काढताना खाली बसली ती उठली नाही. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मी त्याला फोन केला. तो ऑफिसातून निघून तासाभरात आला. अग्नी त्यानंच दिला. गुरुजी सांगतील तसं करत होता, चेहरा कोरडा. बाबा त्या दिवसांत खूप रडले, एखाद्या लहान मुलासारखे. "मी सोडून यायला हवं होतं तिला," असं सारखं म्हणायचे, "हाताला धरून पारनाक्यापर्यंत." हे कोणत्या दिवसाबद्दल, ते आम्ही विचारलं नाही.

दोनेक आठवड्यांनी मृत्यूच्या दाखल्यासाठी आम्ही दोघं पालिकेच्या ऑफिसात गेलो. खिडकीपाशी गर्दी होती. कारकुनानं कागद बघितले, मान वर न करता विचारलं, "अर्जदार मयताचे कोण?"

मला वाटलं, त्याला ऐकू आलं नाही. कारकुनानं परत विचारलं. मागच्या रांगेतून कुणी तरी "चला, चला" म्हणालं.

"मुलगा," तो म्हणाला.

"नाव सांगा आईचं."

त्यानं पूर्ण नाव सांगितलं, माहेरचं धरून. कारकुनानं लिहून घेतलं आणि पुढच्या मंगळवारी या म्हणाला. आम्ही बाहेर आलो. पायऱ्यांवर अर्ज लिहून देणारे बसले होते, त्यांच्या बाजूला तो जाऊन बसला. मी रिक्षा बघू का म्हणून विचारलं, तर हातानंच थांब म्हणाला. शर्टाच्या बाहीनं तोंड झाकून तो तिथे रडायला लागला. येणारी-जाणारी माणसं वळसा घालून जात होती. मी त्याच्या शेजारी बसले, पाठीवर हात ठेवायचा धीर झाला नाही. बऱ्याच वेळानं त्यानं चष्मा पुसला, घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "पोरीची शाळा सुटेल. निघू या."